'जा की' म्हणजे नक्की काय?

मागच्या दिवाळीत मी घरात जाहीर केलं, की इंजिनिअरिंग संपल्यावर मला मास्टर्सला जर्मनीला जायचंय. मम्मीनं 'खर्च किती?' विचारलं. पप्पा 'बघू' म्हणाले (मंगळवार पेठेत 'बघू' म्हणजे काय, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे). आणि कट्ट्याशी मेथी निवडत बसलेली आजी मान वर न करता म्हणाली, 'जा की.'

बास. एवढंच. दोन शब्द. त्यातला एक तर शब्द म्हणावा की नाही असा!

त्या दिवसापासून मी या 'की'च्या मागे लागले आहे. ती 'जा' म्हणाली असती तर कळलं असतं. 'नको जाऊ' म्हणाली असती तर भांडता आलं असतं. पण 'जा की' म्हणजे काय? 'जा की, तुला कोण अडवतंय' की 'जा की, आम्हाला काय विचारतीस' की 'जा की बाळ, मस्त होईल'? तिन्ही अर्थ त्या एका अक्षरात बसतात. आणि मी, जिला फूरिए ट्रान्सफॉर्म समजतो (निदान ओरलपुरता), तिला स्वतःच्या आजीचं एक अक्षर वाचता आलं नाही. कारण सांगते. मी शिशुवर्गापासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये होते.

आता तुम्ही म्हणाल, जर्मनीचा आणि आजीचा काय संबंध? आहे. तेच सांगायचं आहे.

जाहीर केल्यावर मी लगेच राजारामपुरीत जर्मनचा क्लास लावला. (क्लासचं नाव सांगत नाही, पुढे थोडी तक्रार आहे.) सुरुवातीला सगळं सोपं वाटलं. डेर, डी, डास पाठ करायचं. मुलगी, म्हणजे 'मेडशेन', नपुंसकलिंगी हे कळल्यावर हसायचं. पण मराठीवाल्यांना तीन लिंगांचं काय कौतुक? आपल्याकडे मुलगी नपुंसकलिंगी नसली तरी 'पोरगं' आहेच की. क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं, तेही आपल्याला नवीन नाही. गंमत सुरू झाली ती ऐकण्याच्या तासाला. सरांनी एक संवाद लावला, दोन मैत्रिणी स्वयंपाकघरात बोलतायत. पुस्तकातले सगळे शब्द येत होते, तरी मधे मधे बारीक बारीक शब्द पेरलेले ऐकू यायचे. डॉख. माल. या. डेन. हाल्ट. शोन. मी शब्दकोश काढला. 'या' म्हणजे येस. 'माल' म्हणजे टाइम्स, पाढ्यातलं गुणिले. 'डेन' म्हणजे बिकॉज. 'हाल्ट' म्हणजे स्टॉप. 'शोन' म्हणजे ऑलरेडी. 'डॉख' म्हणजे हाउएव्हर, बट, येट आणि अजून चार. आता या अर्थांनी वाक्य लावून बघा. 'कॉम डॉख माल हेअर' म्हणजे 'ये तथापि गुणिले इकडे'. वा!

सरांना विचारलं, तर म्हणाले, 'ते फिलर आहेत, सोडून द्या. परीक्षेला येत नाहीत.' मी सोडून दिले. आम्ही सिलॅबसबाहेरचं सोडून देण्यात एक्स्पर्ट असतो.

मग एकदा क्लासमध्ये पाहुणे आले. आमचेच एक सीनियर, स्टुटगार्टला शिकून सुट्टीवर आलेले. सरांनी मला जर्मनमध्ये स्वागत करायला सांगितलं. मी उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाले, 'सेट्सन झी झिश.' व्याकरण शंभर टक्के बरोबर, बसा असाच अर्थ. ते हसले आणि म्हणाले, 'अगं, पोलीस स्टेशनला आलोय काय मी?' तिथं म्हणे माणसं 'सेट्सन झी झिश डॉख' म्हणतात. तो 'डॉख' घातला, की खुर्ची पुढे सरकवल्यासारखं होतं. नाही घातला, की खुर्चीकडे बोट दाखवल्यासारखं.

मी तशीच घरी आले. संध्याकाळी मिरजकर तिकटीजवळच्या एक काकू आजीला भेटायला आल्या. दार मी उघडलं. म्हणाले, 'या. बसा. पाणी घ्या.' त्या बसल्या, पण कडेला, घाईत असल्यासारख्या. त्या गेल्यावर आजी म्हणाली, 'बसा की म्हनावं गं. नुसतं बसा काय? केएमटीचा कंडक्टर हायस व्हय?'

एकाच दिवसात दोन भाषांतून एकच बोलणं खाल्लं! एकीकडे पोलीस, दुसरीकडे कंडक्टर. तेव्हा ट्यूब पेटली. 'बसा की' आणि 'सेट्सन झी झिश डॉख' हे एकच वाक्य आहे. आणि ज्या भाषेत मी बारा वर्षं शिकले, त्या इंग्रजीत ते जसंच्या तसं नाहीच. 'प्लीज सिट डाउन' नम्र आहे, पण त्यात ती खुर्ची सरकवणं नाही.

मग मी वहीच घातली. रात्री सबमिशनचं लिहायचं सोडून डाव्या पानावर जर्मन, उजव्या पानावर आमच्या पेठेतली मराठी. इंग्रजी मधे आणायचीच नाही. काय काय निघालं बघा.

पुष्कळ वर्षांनी भेटलेल्या पोराला जर्मन आत्या म्हणते, 'दू बिस्ट या ग्रोस गेवॉर्डन!' त्यातल्या 'या'चा हो-नाहीशी काही संबंध नाही. आपली आत्या काय म्हणते? 'मोठा झालास की रं!' पावसात भिजून आलेल्याला, 'दू बिस्ट या नास!' 'अगं, भिजलीस की!' समोर दिसतंय, दोघांनाही दिसतंय, तरी आश्चर्य वाटलंय, एवढं सगळं तो 'या' सांगतो आणि एवढंच सगळं आपला 'की' सांगतो. 'यू हॅव गॉट वेट' म्हणून बघा. डॉक्टरनं रिपोर्ट वाचल्यासारखं वाटतं.

कुणी विचारलं, 'तू जेवली नाहीस?' आणि आपण जेवलोय. इंग्रजीत 'येस' म्हणावं की 'नो' यात आपली पोरं इंटरव्ह्यूतसुद्धा अडकतात. जर्मन माणूस एकच शब्द टाकतो, 'डॉख!' म्हणजे तुझं 'नाही' मी खोडलं. आपण म्हणतो, 'जेवलो की!' (हो, 'जेवलो'. कोल्हापुरात आम्ही मुलीपण मैत्रिणींत 'मी येतो, मी जातो' म्हणतो. पुण्यातल्या बहिणी हसतात. हसू देत.) हा जोरात म्हटलेला डॉख आणि 'सेट्सन झी झिश डॉख' मधला हळूच म्हटलेला डॉख वेगळे आहेत, पण घराणं एक. समोरच्याच्या मनात 'नाही' आहे असं धरून ते बाजूला सारायचं. पाहुणा मनात म्हणत असतो 'नको, निघतो', म्हणून आपण 'बसा की' म्हणतो. नुसत्या 'बसा'मध्ये पाहुण्याच्या मनाचा विचारच नसतो.

'माल'साठी आपल्याकडे 'जरा' आहे, आजीकडे 'वाईच' आहे. 'कॉम माल हेअर', 'वाईच हिकडं ये'. गंमत म्हणजे 'माल' हा मूळचा 'आइनमाल', म्हणजे 'एकदा'. आपणही म्हणतोच ना, 'एकदा येऊन तर जा'. तिथं मोजायला कोण बसलंय? काम छोटंसं आहे, जड वाटून घेऊ नको, इतकंच सांगायचं असतं.

'डेन' प्रश्नात येतो. लहान मुलीला नाव विचारताना नुसतं 'वी हाइस्ट दू?' म्हटलं तर फॉर्म भरून घेतल्यासारखं होतं. 'वी हाइस्ट दू डेन?' म्हटलं की मुलगी लाजून सांगते. आपल्याकडे ते काम 'गं' आणि 'रे' करतात. 'नाव काय गं तुझं?' आणि 'वास इस्ट डेन लोस?' म्हणजे 'झालंय तरी काय?' तो 'तरी' शब्दाला शब्द लावून इंग्रजीत नेऊन दाखवा, कॅन्टीनचा चहा माझ्याकडून.

'डास इस्ट हाल्ट झो' म्हणजे 'असतंय तसं, काय करणार'. हा 'हाल्ट' मुळात दक्षिण जर्मनीचा आणि ऑस्ट्रियाचा. उत्तरेकडे त्याच जागी 'एबेन' म्हणायचे, नंतर हाल्ट वर सरकत गेला. म्हणजे तिथंही कोल्हापूर आणि पुणे आहे! 'डास व्हिर्ड शोन' म्हणजे 'होईल की गं'. रिझल्टच्या आदल्या रात्री पप्पा हेच म्हणतात. आणि 'कॉम या निश्ट त्सू श्पेट!' यातला 'या' दाबून म्हटला की धमकी होते. 'उशीर करायचा नाही हं!' या 'हं'वर तर पीएच.डी. व्हावी. 'छान आहे हं', 'जा हं', 'पडशील हं', 'हं?' आणि फोनवरचं 'हं... हं... हं'.

सगळंच जुळतं असं मात्र नाही, उगीच फुशारकी नको. आपल्या एका 'की'त त्यांचे डॉख, या आणि शोन तिन्ही मावतात, तर त्यांना कुठला कधी हे वेगळं शिकावं लागतं. आपला 'च' ज्या शब्दाला चिकटतो त्याला धरतो. 'मीच आलो', 'मी आलोच', 'मी आजच आलो', तिन्ही वेगळे. त्यांच्याकडे असा चिकटणारा 'च' नाही. त्यांचे हे शब्द वाक्याच्या पोटात बसतात, सुरुवातीला एकटे येऊ शकत नाहीत. आपले बहुतेक शेपटीला लोंबकळतात. आणि 'म्हणे'च्या बाबतीत तर आपण त्यांच्या पुढे आहोत. 'तो आजारी आहे म्हणे.' मी पाहिलेलं नाही, ऐकलंय, जबाबदारी माझी नाही, हे सगळं दोन अक्षरांत. जर्मनला त्यासाठी अख्खं क्रियापद वापरावं लागतं, 'एअर झोल क्रांक झाइन'. संस्कृतात हेच काम 'किल' करायचं. म्हणजे आपल्या या सवयीला बराच जुना इतिहास आहे. 'च'सुद्धा तसाच जुना. संस्कृतातला 'आणि' अर्थाचा 'च' वेगळा. आपल्यासारखे जोर देणारे 'च्चेअ', 'च्चिअ' महाराष्ट्री प्राकृतात आहेत.

आता तक्रार. आधी माझ्या शाळेबद्दल. नाव नाही घेणार, शाळा चांगली होती, बायोलॉजीच्या टीचर तर अजून आठवतात. पण आवारात मराठी शब्द तोंडातून गेला की दोन रुपये दंड असायचा. मुलं हुशार असतात, आम्ही शब्द इंग्रजी ठेवले आणि पेठ आत घुसवली. 'कम नो!' 'ही ओन्ली टोल्ड मी.' 'आय अ‍ॅम लाइक धिस ओन्ली.' बघितलंत काय चाललंय? 'ये ना', 'त्यानंच सांगितलं', 'मी अशीच आहे'. 'ना' आणि 'च' आम्हाला इतके लागत होते, की इंग्रजीत ते मिळेनात म्हणून आम्ही 'नो' आणि 'ओन्ली' त्यांच्या जागी नोकरीला ठेवले. भारतभर हेच चालतं. हिंदीवाल्यांचा 'ही', आपला 'च', सगळ्यांनी मिळून एका 'ओन्ली'च्या डोक्यावर ओझं दिलंय. वहीत त्या प्रत्येक 'ओन्ली'भोवती लाल गोल यायचा. शेरा, 'मदर टंग इन्फ्लुअन्स'. जणू काविळीचं निदान!

मी चांगली विद्यार्थिनी होते, लाल गोल मला सहन होत नसत. मी 'ओन्ली' सोडला, 'नो' सोडला. इंग्रजी स्वच्छ झाली, त्याबद्दल शाळेला दोष नाही, परीक्षेत मार्क मिळाले, प्लेसमेंटलाही उपयोग होईल. पण त्याच हाताने मराठीतलेही 'की' आणि 'ना' गळाले, हे कुणी पाहिलं नाही. मी घरी 'कृपया' म्हणायला लागले होते! मोबाइलचा मेनू मराठीत लावलात की तो म्हणतो तसं, 'कृपया प्रतीक्षा करा'. आपल्यात कोण बोलतं असं? मिसळीच्या गाड्यावर 'कृपया तर्री द्या' म्हणून बघा. आपण 'जरा तर्री घाला की' म्हणतो, आणि ते 'प्लीज'पेक्षा काही कमी नम्र नसतं. मराठीत 'प्लीज' नाही म्हणून आपण उद्धट, असं आम्हाला वर्गात सांगितलं होतं. आपलं 'प्लीज' कुठं आहे ते बघायला कुणी गेलंच नाही. ते 'जरा'मध्ये आहे, 'ना'मध्ये आहे, 'की'मध्ये आहे.

बरं, मराठी माध्यमात तरी या शब्दांना मान आहे का? तर तिथंही नाही. कागलकडचा एक मित्र आहे, त्याच्याकडून मी मराठी व्याकरणाचं पुस्तक आणलं. शालेय व्याकरणात 'च', 'ना', 'ही', 'सुद्धा' यांना 'शुद्ध शब्दयोगी' असं निदान बरं नाव आहे. पण 'म्हणे', 'आपला', 'बापडा' यांचा गट कोणता? 'व्यर्थ उद्गारवाची'. व्यर्थ! आणि 'बरं का', 'कळलं' वगैरेंना 'पादपूरणार्थक', म्हणजे जागा भरायला घातलेले. हा पदपूरणाचा प्रकार तर यास्काच्या निरुक्तापासून चालत आलेला आहे, म्हणजे शब्दाचं काम कळलं नाही की 'भर' म्हणून बाजूला ठेवायची सवय हजारो वर्षांची. 'मी आपला गप्प बसलो' यातला 'आपला' व्यर्थ आहे म्हणता? काढून बघा. 'मी गप्प बसलो' ही बातमी आहे. 'मी आपला गप्प बसलो' यात त्या माणसाची अख्खी लग्नानंतरची वीस वर्षं आहेत.

जर्मनांनीही आधी हेच केलं, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. त्यांचे भाषाशुद्धीवाले या शब्दांना 'फ्लिकव्योर्टर' म्हणायचे, ठिगळशब्द. लुडविग रायनर्स नावाचा लेखनशैली शिकवणारा लेखक होता, त्यानं १९४० च्या दशकात त्यांना भाषेच्या केसांतल्या उवांची उपमा दिली होती. शुद्ध लिहायचं तर विंचरून काढा. मग १९६९ साली हाराल्ड वाइड्ट यांचं पुस्तक आलं, फ्रेंचशी तुलना करून. दुसऱ्या भाषेत यांना जोड सापडत नाही, तेव्हा हे शब्द नक्की करतात काय, हे त्यांनी नीट बघितलं आणि त्यांना नाव दिलं, 'आबट्योनुंग्सपार्टिकेल'. नाव अवघड आहे, अर्थ नाही. 'आबट्योनेन' म्हणजे रंगाला छटा देणं. पेंटच्या दुकानात मशिनखाली पांढऱ्या बेसचा डबा ठेवतात आणि वरून रंगाचे दोन थेंब पडतात, ते काम. डबाभर पेंट तोच, दोन थेंबांनी भिंत बदलते. 'बसा' हा बेस, 'की' हा थेंब. उवांपासून रंगाच्या थेंबांपर्यंत यायला त्यांना पंचवीसेक वर्षं लागली. आमच्या पुस्तकांत अजून 'व्यर्थ'च छापलेलं आहे.

आता मुद्द्याचं बोलते, कारण हा लेख नुसता गमतीचा नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. इथल्या दहा हजार कुशल तरुणांना तिकडे काम मिळावं, असं पहिलं उद्दिष्ट. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, नर्सिंगवाले, ड्रायव्हर, सगळे त्यात आहेत. त्यांना आधी जर्मन शिकवायची, असं ठरलं. म्हणजे जर्मन आता आमच्यासारख्या एम.एस.वाल्यांपुरती राहिलेली नाही, आयटीआयच्या पोरापर्यंत आली. चांगलंच आहे. पण मी ज्या वर्गात बसते तिथं आणि मित्रमैत्रिणी ज्या वर्गांत बसतात तिथं शिकवणं चालतं ते इंग्रजीतून. पुस्तक जर्मन, फळ्यावर अर्थ इंग्रजीत, आणि ज्याचं इंग्रजी कच्चं तो दोन भाषांत एकदम नापास.

आमच्याच बॅचला तो कागलचा मित्र आहे. मराठी माध्यम, इंग्रजीला घाबरतो, वर्गात मागे बसतो. माझी वही मी त्याला दाखवली. 'डॉख म्हणजे आपला की' एवढं सांगितलं आणि तो पंधरा मिनिटांत असे डॉख टाकायला लागला की सर चमकले. एकदा सर 'तू होमवर्क केला नाहीस' म्हणाले, हा पटकन म्हणतो, 'डॉख!' आणि वही काढून दाखवली. मला तीन महिने लागले होते. कारण मी प्रत्येक वेळी इंग्रजीच्या पुलावरून जायची आणि त्या पुलावर 'की'ला प्रवेश नाही. तो डायरेक्ट नदीतून चालत गेला, पाणी गुडघाभरच होतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की कोल्हापुरात जर्मन मराठीतून शिकवावी. निदान हा भाग तरी. हे काही मी भाषेच्या अभिमानानं म्हणत नाही, अभिमानाची भाषणं आपण एक मे आणि सत्तावीस फेब्रुवारीला ऐकतोच. सरळ इंजिनिअरिंगचा हिशेब आहे. दोन टोकांचे थ्रेड जुळत असताना मधे न जुळणारा अ‍ॅडॅप्टर कशाला लावायचा? शिवाजी विद्यापीठात परदेशी भाषा शिकवतात, मराठीही शिकवतात. दोघांनी बसून एक छोटी पुस्तिका केली तरी चालेल, चाळीस पानांची. डावीकडे जर्मन, उजवीकडे मराठी.

यावर क्लासमध्ये वाद झाला. एकीचं म्हणणं, 'ए वन, ए टूला हे शब्द वापरायला विचारतच नाहीत, उगीच डोक्याला ताप.' खरं आहे, लिहिण्याच्या पेपरात डॉख घातला नाही म्हणून मार्क कापत नाहीत. पण नर्स म्हणून जाणारी मुलगी म्हाताऱ्या पेशंटला रोज काय म्हणणार? 'गोळी घ्या.' 'उठा.' 'बसा.' व्हिसा मिळेल, नोकरी मिळेल, आणि तो म्हातारा मुलाला फोन करून सांगेल, की बाई कामाला चांगली आहे पण कडक आहे. ती कडक नसेल हो! इकडे तिच्या आजीला ती 'घे की गं गोळी' म्हणत असेल. तिचा 'की' वर्गातच काढून घेतला गेला, इतकंच.

दुसऱ्याचं म्हणणं जास्त बरोबर होतं. तो म्हणाला, अर्धवट वापरलेला डॉख न वापरलेल्यापेक्षा वाईट. तेही खरंच. मी एकदा सरांना मोठ्या हौसेनं 'डास इस्ट डॉख क्लार' म्हणाले. मला म्हणायचं होतं, 'हो, समजलं'. निघालं, 'हे तर उघड आहे की, यात काय सांगायचं!' सर थोडे लाल झाले. पण पुण्याची नवी सून 'की' चुकीच्या जागी टाकते तेव्हा कोल्हापूरकर काय करतात? हसतात, आणि चार दिवसांत ती शिकते. चुकल्याशिवाय हे शब्द कुणालाच येत नाहीत, कारण ते पाठ करायचे नाहीतच, ऐकायचे आहेत. मी हल्ली जर्मन मालिका बघताना सबटायटल बंद करते आणि कोण कुणाशी किती गोड किंवा किती कडू बोलतंय तेवढंच ओळखायचा प्रयत्न करते. अर्थ गेला खड्ड्यात. आणि जमायला लागलंय.

तर मग 'जा की'चं काय?

दिवाळी गेली, सबमिशन झालं, सेमिस्टर संपलं, तरी मी आजीला विचारलं नव्हतं. भीती वाटायची. ती काही बोलायचीही नाही. क्लासला निघाले की 'लवकर ये' एवढंच. मागच्या रविवारी संध्याकाळी खासबागेच्या बाजूनं परत येत होते, शाहू स्टेडियमला मॅच होती, रस्ताभर गाड्या आणि आरडाओरडा. घरात आजी एकटी होती. परत मेथीच. मी वही तिच्यासमोर ठेवली आणि विचारलं, 'आजी, दिवाळीत तू मला जा की म्हणालीस. ते कुठल्या अर्थानं?'

'कुठल्या म्हंजे?'

'म्हणजे रागानं? की खरंच?'

ती हसली. म्हणाली, 'रागानं असतं तर जा म्हनलं असतं. जा की म्हनलं की गं.'

मला एकदम हलकं वाटलं. वहीत लिहायला पेन काढलं, तर तिचं पुढचं वाक्य आलं, देठ मोडता मोडता, माझ्याकडे न बघता.

'पर कवा जातीस, किती दिसांनी येतीस, ते इचारनार हुतो. तू थांबलीसच न्हाईस. लगेच फोन घिऊन वर गेलीस.'

मी पेन ठेवलं. वर मॅचचा आवाज येत होता, बहुतेक गोल झाला असावा. तिनं अर्धी जुडी माझ्याकडे सरकवली.

'बस की आता वाईच,' ती म्हणाली.